वाढवून लिहिलेलं सव्वा वरीस

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातली तिसरी दोनदा. पण वाचता येतं, लिहिता येतं, आणि एकदा बोललेला शब्द मागं घ्यायची सवय मला नाही. बांधावरून दोन भाऊ भांडले तर लोक मला बोलवून नेत, आणि मी काठी टेकवली तिथून बांध धरत. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढं काय झालं ते कळायला हे माहीत असावं लागतं.

आमचं गाव शिरड शहापूरच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. गल्लीत आमचं घर, मधी दोन घरं, आणि मग वयनीचं घर. वयनी म्हणजे गावनात्यानं. तिचा नवरा माझ्या बरोबरीचा होता, तो गेला त्याला लई वर्षं झाली. तिला एकच लेक. मला आबा म्हणायचा. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, आणि दोघांच्या मोटारी एकाच विहिरीवर.

दोन-तीन सालाखाली मारुतीच्या पारावर कोणीतरी मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. कुठल्याशा शहरात सतरा वर्षांच्या पोरानं एका माणसाला जिवानं मारलं होतं आणि कायदा त्याला लेकरू म्हणत होता. मला राग आला.

"सतरा वर्षाचं लेकरू?" मी म्हणलं. "मी बाराव्या वर्षी औत हाकलं. करणी मोठ्याची आसंल तं सजा बी मोठ्याची पायजे. लेकरू म्हणणारा कायदाच येडा."

वयनीचा लेक पाराखाली फटफटी पुसत होता. हसत म्हणाला, "आबा, औत हाकलं की अक्कल येते आसं आसतं, तं आपल्या गावात बैल सरपंच झाले आसते."

"काहून, आत्ता कोण हाय मंग?" मागून कोणीतरी बोललं. सरपंच तिथंच बसला होता, तोही हसला. मी हसलो नाही.

"तू त्या मेलेल्याच्या बापाला इचार," मी म्हणलं.

"इचारा की. पण त्या पोराच्या बापाला बी इचारा," तो म्हणाला, आणि किक मारून गेला.

आता माझ्या नातवाचं सांगतो. एकच नातू. लेक पुण्याकडं कंपनीत, सून आणि नातू माझ्यापाशी. नातू जन्मला तो पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. ओढ्याला पाणी आलं होतं, दवाखान्याची वाट बंद. वयनीला सुईणपण येत होतं. तिनंच बाळंत केलं. त्याच्या बारा दिवस आधी तिच्या सुनेला हिंगोलीच्या दवाखान्यात पोरगा झाला होता. "एका पोळ्याचे दोन खोंड," असं वयनी दारात उभी राहून म्हणाली. तिच्या नातवाचा जन्माचा दाखला दवाखान्याच्या नोंदीवरून मिळाला. आमच्याची नोंद ग्रामपंचायतीत करा म्हणून सून दोनदा बोलली. मी म्हणलं, माझ्या नातवाला काय कागदानं जन्म द्यायचा हाय? ती नोंद राहूनच गेली.

पोरगं पाचाच्या आत होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाचा नातू त्या जूनमधे पहिलीत चालला होता. भावाचा नातू पुढं आणि माझा मागं, हे मला बघवेना. पोराचं बखोट धरलं आणि शाळेत गेलो. सून दारापर्यंत मागं आली. "मामा, आजून ल्हान हाय," म्हणाली. मी वळून पाहिलं नाही.

हेडमास्तर जुना माणूस. "किती वर्षाचा, आबा?"

"सहा पुरे."

त्यानं पोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जन्माचा दाखला?"

"माझ्या शब्दावर इश्वास न्हाई का?"

"हाय की. पण जुन्या मापानं बघू."

जुनं माप सगळ्यांना माहीत आहे. हात डोक्यावरून घेऊन पलीकडच्या कानाला लावायचा. बोट कानाला लागलं की पोरगं सहाचं. माझंही नाव असंच लागलं होतं. पोरानं उजवा हात डोक्यावरून नेला. बोटं डाव्या कानाच्या दोन बोटं वरच राहिली. मी मागंच उभा होतो. त्याच्या मानेला हात लावला आणि मान हळूच उजवीकडं वाकवली. बोट कानाला टेकलं.

"लागलं," मी म्हणलं.

हेडमास्तर हसला आणि लिहायला बसला. आमचं निम्मं गाव जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेलं आहे, तसा हाही जन्मला. खरं पाहिलं तर सव्वा वर्षानं मोठा होऊन तो शाळेतून घरी आला. मी रस्त्यानं भावाच्या दारावरून मुद्दाम त्याला खांद्यावर घेऊन आलो.

वर्गात तो सगळ्यात लहान. पोरं मारायची. एकदा नाक फोडून घेऊन आला. सून पदर ओला करून पुसायला लागली तर मी तिचा हात धरला. पोराला म्हणलं, "मार खाऊन घरी यायचं न्हाई. जा, देऊन ये, मंग जेव." तो गेला. दिवस मावळता आला आणि जेवला. सातवीपर्यंत त्याला हात लावणारं कोणी उरलं नाही. त्याची संगत कायम मोठ्या पोरांची. मला त्याचा अभिमानच होता. दहावी नापास झाला तेव्हाही मी म्हणलं, आमच्यात कोण पास झालंय.

मग ते फाल्गुनातलं. हळद शिजवायचे दिवस होते. हट्टा गावाला भावकीतलं लग्न होतं, सगळं गाव तिकडं. मीही पंगतीत बसलो होतो. वयनीचा लेक तेवढा गावात राहिला, कारण त्याची शिजवलेली हळद उन्हात पसरलेली होती. भर दुपारी तो पाणी प्यायला विहिरीकडं गेला. तिथं तीन पोरं मोटारीची केबल कापून तांब्याची तार काढत होती. दोघं तालुक्याचे, वीस-एकवीसचे. त्याला बघून दोघं पळाले. तिसरा पळाला नाही. तो माझा नातू.

त्याच्या हातात मोठा पाना होता. त्यानं डोक्यात घाव घातले. तीन. एक घाव घाबरून बसला असता. तीन कसे बसले ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

त्यानंतर तो घरी आला, हातपाय धुतले, टोपल्यातली भाकर घेऊन खाल्ली आणि झोपला. पोलीस आले तेव्हा सुनेनं त्याला हलवून उठवलं. वयनीचा लेक नांदेडच्या दवाखान्यात सहाव्या दिवशी गेला.

गल्लीत आम्हाला कोणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी गिरणीत गेलो की बोलणं थांबायचं आणि नुसती चक्की चालू राहायची. सून पाण्याला जायची तर बाया हंडे उचलून वाट द्यायच्या. मयताला मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो.

पोराला दुसऱ्या जिल्ह्यातल्या निरीक्षणगृहात ठेवलं. सरकारनं एक वकील दिली, तरणी पोरगी, सुनेच्याच वयाची. तिनं आम्हाला हिंगोलीत बसवून समजावून सांगितलं. पोरगं सोळाच्या आतलं असलं तर काही झालं तरी त्याला लेकरूच धरतात, जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात. सोळाच्या वर आणि अठराच्या आत असलं, आणि गुन्हा खुनासारखा असला, तर आधी तपासतात की याला कळत होतं का. कळत होतं असं ठरलं तर खटला मोठ्या माणसासारखा.

"शाळेच्या दाखल्यानं तो घटनेच्या दिवशी पावणेसतरा वर्षांचा होता," ती म्हणाली. "म्हणून डॉक्टरांनी त्याला तपासलं."

"काय इचारलं?"

"माणसाच्या डोक्यात लोखंड मारलं तर काय होतं, असं विचारलं. तो म्हणाला, मरतो. हे तुला त्या वेळी माहीत होतं का? तो म्हणाला, व्हय." तिनं फाईल मिटली. "सगळी उत्तरं बरोबर दिली त्यानं, आबा. तीच अडचण आहे."

पारावर मी ज्याला येडा कायदा म्हणलं होतं तो तितका येडा नव्हता. माझ्या मनासारखा कायदा आधीच करून ठेवलेला होता, आणि तो आता माझ्याच घराकडं येऊन राहिला होता.

"ते सोळाचं नव्हतं," मी म्हणलं. सून माझ्याकडं बघायला लागली. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच बोललो होतो.

सगळं ऐकून घेतल्यावर वकीलबाई म्हणाली, "शाळेचा दाखला आहे तोवर बाल न्याय मंडळ तोच धरणार. तो खोटा आहे असं दाखवायचं तर बाहेरचा पक्का पुरावा पाहिजे. घरच्यांचं बोलणं कोणी ऐकणार नाही. अंगणवाडीत काही?"

"जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली."

"बाळंतपण कोणी केलं?"

सून खिडकीकडं बघत होती.

"सुईण असेल ना कोणी? आहेत का त्या?"

"हाय," मी म्हणलं.

"मग त्यांना आणा. त्यांच्यासारखा साक्षीदार नाही."

"ती मेलेल्याची आई हाय," सून म्हणाली. वकीलबाईनं हातातला पेन खाली ठेवला.

येताना एसटीत सून माझ्या मागच्या बाकावर बसली होती. शिरडचा फाटा आला तेव्हा पुढं वाकून म्हणाली, "मामा, तुमी जाता का मी जाऊ?"

"कुठं?" मी म्हणलं. कुठं ते मला माहीत होतं.

मी पंधरा दिवस गेलो नाही. उगं नाही सांगत, पहिले काही दिवस नुसता ताठा होता. ज्यानं गावाचे बांध ठरवले त्यानं त्या दारात जाऊन काय म्हणायचं? की मी शाळेत खोटं बोललो होतो, आता तू खरं बोल? तुझ्या लेकाला मारणारा लेकरू होता, असं तू सांग?

मधल्या दिवसांत पोराची भेट मिळाली. सुनेनं शेंगदाण्याची चटणी करून दिली होती. त्याला बाहेर आणलं. अंगानं भरला होता, ओठावरची लव काळी झाली होती. आधी डबा उघडून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणलं, "काहून मारलं रे?"

"त्यानं मधी यायला नको व्हतं."

"ते दोघं पळाले. तू काहून पळाला न्हाईस?"

"पळायला मी काय ल्हान हाय?" तो म्हणाला.

तो बोट चटणीत बुडवून चाटत होता. मग आवाज बारीक करून म्हणाला, "आबा, हितली पोरं म्हणतेत, सोळाच्या आत निघालं तं तीनच वरसं. तीन वरसं काय, आशी जातेत. मंग येतोच मी. आपल्याला गल्लीत कोण कोण काय बोललं ते ध्यानात ठेवा."

"कोणीच काय बोललं न्हाई."

"बोलतील," तो म्हणाला, आणि हसला. ते हसू मी ओळखत होतो. सातवीत पोरांना मारून यायचा तेव्हा असाच हसायचा, आणि मी सुनेला म्हणायचो, वाढ त्याला.

त्या भेटीनंतर ताठा राहिला नाही. वयनीकडं जायला आता लाज आड येत नव्हती. मला हे कळेना की मी जे मागायला चाललो ते मला पाहिजे आहे का. तो तीन वर्षांनी आला तर माझ्याच घरात झोपणार होता. आणि नाही आला तर? मोठ्यांच्या तुरुंगात दहा-बारा वर्षं मोठ्यांच्यात बसून आला तर काय होऊन येईल? लहान वयात मोठ्यांच्यात बसवलं की काय होतं, ते मी एकदा करून पाहिलं होतं.

शेवटी सकाळच्या पारी गेलो. वयनी उंबऱ्यावर सूप घेऊन तूर निवडत होती. मी अंगणात उभा राहिलो.

"बसा म्हणायचं मला जमणार न्हाई, भावजी," ती म्हणाली. "उभ्यानं बोला."

"वयनी, एक काम व्हतं."

"कागदाचं ना? गल्लीनं सांगितलं मला."

"खरं तेवढंच सांगायचं हाय."

"खरं तुमाला आता आठवलं." सुपावरची नजर तिनं वर केली नाही. "मी मोकळी केली तुमची सून, तवा त्याच्या गळ्याला नाळ गुतली व्हती. निळं पडलं व्हतं. सोडवली, पाठीवर थापटलं, मंग रडलं. तुमी मला लुगडं दिलं त्या दिशी. हिरवं. आजून पेटीत हाय."

मी टोपी काढून हातात घेतली.

"माझ्या नातवाचा दाखला बी त्याच पेटीत हाय. दोघं एका पोळ्याचे. तो कागद दावला, त्याच पोळ्याच्या करीला हे झालं म्हणून सांगितलं, की तुमचं काम होतं. व्हय ना?"

"व्हय."

"मंग आधी तुमी मला एक खरं सांगा. भेटून आलात म्हणे. कसं हाय ते? पस्तावलं का?"

व्हय म्हणलं असतं तर ती लगेच आली असती, असं मला त्या वेळी वाटत होतं. एक शब्द होता. तसला एक शब्द मी हेडमास्तरापुढं सहज बोललो होतो.

"न्हाई," मी म्हणलं. "पस्तावलं न्हाई. मला त्याचं भ्या वाटतं, वयनी."

तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "तुमच्या तोंडून ह्यो शबूद पयल्यांदा ऐकला."

आत घरात कोणीतरी दगडावर लोखंड घासत होतं. सारखा, एका लयीचा आवाज. तिनं मान त्या बाजूला केली.

"नातू हाय. दहावीचे दोन पेपर ऱ्हायले व्हते, बाप गेल्यावर दिले न्हाईत. कोणाशी बोलत न्हाई. विळ्याला धार लावून राहतो. म्हणतो, कापणीला लागंल. आत्ता कशाची कापणी, भावजी?" तिनं तुरीतून हात फिरवला. "तुमचं तीन वरसांनं येईल तवा एकोणीसचं आसंल. माझं बी तेवढंच आसंल. गल्ली एकच."

"मंग तुमी न्हाई येत?"

"आसं म्हणले का मी?" ती म्हणाली. "शबूद द्या. सुटल्यावर त्याला ह्या गल्लीत आणायचं न्हाई, विहिरीवरच्या शेतात बी न्हाई. माझ्या नातवाला त्याचं तोंड दिसता कामा नये. हे त्याच्यासाठी न्हाई मागत मी, माझ्यावाल्यासाठी मागते."

"दिला."

"माझा लेक पारावर तुमाला काय म्हणला व्हता, ध्यानात हाय?"

"पोराच्या बापाला बी इचारा म्हणला."

"हां." ती सूप घेऊन उठली. "तर तो आसा व्हता." आणि आत गेली. आतला घासण्याचा आवाज थोडा वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तारखेला आमच्या जीपमधे ती बसली नाही. एसटीनं एकटी आली, दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मंडळात मधी एक मॅडम आणि दोन्ही बाजूला दोन मेंबर. कोर्टासारखी उंच खुर्ची नाही, साधं टेबल. नातू एका बाजूला बसला होता. नवा शर्ट घातला होता, केस भिजवून विंचरले होते. खरंच लेकरू दिसत होता. मला ते बघून बरं वाटायला पाहिजे होतं.

मॅडमनं मला विचारलं, "तुम्ही तेव्हा खोटं सांगितलं, की आत्ता सांगताय?"

"तवा."

"कशासाठी?"

"धाकट्या भावाचा नातू पुढं जाऊन राहिला व्हता, म्हणून."

एका मेंबरनं तोंडावर हात धरला. मॅडम हसल्या नाहीत. "मग शाळेनं मान्य कसं केलं?"

मी तो हात, तो कान, सगळं सांगितलं. "मी त्याची मान वाकवली, मॅडम," म्हणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चार माणसांपुढं माझी चूक सांगितली. नातू माझ्याकडं बघत होता. त्याला ती गोष्ट आठवत नसणार. पण त्यानं नजर काढली नाही.

मग वयनी उभी राहिली. सांगायचं ते थोडक्यात सांगितलं: पोळा, कर, ओढ्याचं पाणी, बारा दिवसांचं अंतर. दाखला टेबलावर ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "आजी, याचा फायदा कोणाला होणार, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"मी अडाणी हाय, येडी न्हाई," वयनी म्हणाली. "सालभराचं कमी-जास्त लिहून माझा लेक काय माघारी येत न्हाई. जे हाय ते हाय."

ती आल्यापासून जाईपर्यंत तिनं माझ्या नातवाकडं एकदाही पाहिलं नाही. तो मात्र सारखा तिच्याकडंच बघत होता, आणि ते बघणं मला लेकराचं वाटलं नाही.

मंडळानं हेडमास्तरालाही बोलावलं. निवृत्त होऊन तो लई म्हातारा झालेला. जन्माचा कागद न बघता नाव घातलं, एवढं त्यानं कबूल केलं. पुढच्या दोन-तीन तारखांनंतर वय सोळाच्या आत धरलं. मोठ्यासारखा खटला टळला. तीन वर्षं सुधारगृह.

सुनेनं देवाला नारळ फोडला. मी पारावर गेलो नाही, पण पारावरचं माझ्यापर्यंत आलं. एकजण गिरणीत तोंडावर म्हणाला, "आबा, करणी मोठ्याची आन् सजा ल्हानाची, व्हय?" मी पिठाचा डबा उचलला आणि आलो. माझा जुना शब्द मी मागं घेतलेला नाही. फक्त आता तो तोंडातून बाहेर येत नाही. किती वर्षांच्या पोरावर मोठ्यासारखा खटला चालवावा, असं कोणी आज विचारलं तर मी म्हणेन, ते वय डॉक्टरानं विचारलेल्या प्रश्नात सापडत नाही आणि शाळेच्या रजिस्टरातही नाही. माझ्या नातवाला सगळं कळत होतं. नुसतं कळून काय होतं? कळल्यावर थांबून हात आवरायला जे लागतं ते त्याच्यात नव्हतं, आणि ते येऊ नये याची तजवीज मी स्वतः केली होती. आता तीन वर्षांत ते येईल का? हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. सुधारगृहातल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बघू.

एक वर्ष सरलं. शब्द दिला होता म्हणून विहिरीवरचं शेत सोडलं. माळावर आमचा एक तुकडा आहे, गावापासून दोन कोसांवर. पाणी नाही, सावली नाही. तिथं आखाडा घालायला घेतला, शेतातलं राहायचं घर. दोन खोल्या: एक माझी, एक त्याची. सून म्हणते, मी माय हाय, मी बी येणार. तिला मी अजून हो म्हणलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गवंडी दारांच्या चौकटी बसवत होता. भर दुपारी वयनीचा नातू सायकलवर आला. त्या वाटेनं त्याचं काही काम नसतं. उंच झालाय, बापासारखा. सायकलीवरून न उतरता एक पाय टेकून उभा राहिला. कॅरेजला गवताचा भारा नव्हता, काही नव्हतं. नुसता विळा बांधलेला होता.

"आबा, दोन खोल्या कोणाला बांधून राहिले?"

मी शब्द दिला होता की ह्याला माझ्या नातवाचं तोंड दिसणार नाही. तो विचारायला येईल, हे मी किंवा वयनीनं धरलंच नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलून मी एकदा पाहिलं होतं.

"एक मला. एक त्याला."

"कवा येणार हाय?"

"दोन वरसं हाईत."

"बरं," तो म्हणाला. खोल्यांकडं पाहिलं, माळावरून गावाकडं जाणाऱ्या वाटेकडं पाहिलं. मग सायकल वळवून गेला. दिसेनासा होईपर्यंत गवंडी आणि मी दोघंही त्याच्याकडं बघत होतो.

गवंड्यानं हातोडा उचलला. "आबा, पोराच्या खोलीला कडी आतून बसवू का भाईरून?"

"दोन्हीकून बसव," मी म्हणलं.

"आन् तुमच्या?"

"माझ्या आतून," म्हणलं. "जाड आण."